पुस्तकाला हात लावण्याआधी

मी तुरीनला जाणार हे ठरलं, तेव्हा सडक अर्जुनीत बातमी पसरली की बाईचा भाऊ इंग्रजांच्या देशात चालला. तुरीन इटलीत आहे आणि तिथले लोक इटालियन बोलतात, हे मी सुरुवातीला दोन-चार जणांना समजावून सांगितलं. मग सोडून दिलं. आमच्या कंपनीचं काम राईस मिलच्या यंत्रांचं. तांदळातला काळा दाणा हेरून बाजूला फेकणारं एक यंत्र तुरीनजवळ बनतं, ते शिकायला मला तिकडे पाठवलं होतं. पण घराण्यात पहिला पदवीधर झालेला माणूस जे काही करतो ते इंग्रजीतच करतो, अशी आमच्याकडे सगळ्यांची खात्री आहे.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. हायवेला लागून तिचं पुस्तकांचं दुकान आहे, दोन शटरचं. अकरावीला मी चिचगडहून तिच्याकडे राहायला आलो आणि त्या दुकानातली पुस्तकं वाचून शिकलो. पुस्तकं विकायची होती, त्यामुळे नियम कडक होता. साबणाने हात धुवायचे, पुसायचे, बाईला दाखवायचे, मग पुस्तक मिळायचं. तेही पूर्ण उघडायचं नाही, नाहीतर शिवण सैल होते. अख्खं रसायनशास्त्र मी अर्धवट उघडलेल्या पुस्तकांतून वाचलं आणि पास झालो. आज माझं जे काही बरं चाललं आहे, त्याची सुरुवात त्या दुकानात आहे.

ते दुकान आता जायची वेळ आली होती. सरकारी शाळेत पुस्तकं फुकट मिळतात, इंग्रजी शाळा आपली पुस्तकं आपणच विकतात. बाईकडे उरल्या वह्या, गाईडं आणि नकाशे. भाऊजी, म्हणजे बाईचे यजमान, धानाचा व्यापार करतात. त्यांच्याकडे एक टायरवाला आला होता. त्याला दोन्ही शटर भाड्याने हवी होती, शाळा सुरू व्हायच्या आत. बाई नाही म्हणाली. तेव्हा भाऊजी तिला म्हणाले, तुझा भाऊ चाललाच आहे, तर फॉरेनात पुस्तकाची दुकानं कशी चालतात ते पाहून सांगू दे, मग ठरवू. लग्नापासून बायकोचं न ऐकणारा माणूस कुठल्यातरी अनोळखी परदेशी दुकानदाराचं ऐकायला तयार झाला, ही संधी बाईने सोडली नाही.

"बाबू, इंग्रजीचंच दुकान पाहाजो," मला एसटीत बसवून देताना ती म्हणाली. "दुसरं कोणतं सांगशीन त यांले पटनार नाही."

तुरीनला पोचल्यावर पहिल्याच सुट्टीच्या दिवशी मी स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानात गेलो. आत गेलो आणि काउंटरपाशी उभा राहिलो. आपल्याकडे दुकानदार विचारतो, आपण सांगतो, तो काढून देतो. इथे कोणी विचारेना. शेवटी मी एका विक्रेत्याला विचारलं, तर त्याने मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे प्रवासाची पुस्तकं संपत होती आणि संडास सुरू होत होता. त्या दोघांच्या मधे इंग्रजीचं एक कपाट होतं. त्या विक्रेत्याचं इंग्रजी माझ्याहून कच्चं होतं. असा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता, आणि ट्रामच्या थांब्यापर्यंत मला फार बरं वाटत राहिलं. बाईला फोटो पाठवला. तिचा निरोप आला की एवढं इंग्रजी तर आपल्याकडे दहावीच्या गाईडातच आहे.

खरं दुकान पुढच्या आठवड्यात सापडलं, एका गल्लीत. तिथे सगळीच पुस्तकं इंग्रजी होती. मालकीण इंग्रज होती. लग्न करून या गावात आली ती इथलीच झाली. पांढरे केस, मोठा चष्मा, मांडीवर मांजर. या वेळी मी शिकून आलो होतो. इथे पुस्तक स्वतः उचलायचं असतं. पण उचलायच्या आधी मला सवयीने नळ आठवला. हात धुवायला जागा आहे का, असं मी मालकिणीला विचारलं. तिने भिंतीवरची पाटी दाखवली. संडास फक्त गिऱ्हाइकांसाठी होता. मग मी दुकानातली सगळ्यात स्वस्त वस्तू, एक पोस्टकार्ड, विकत घेतली, गिऱ्हाईक झालो आणि हात धुवून आलो.

मी हात पुसून एक कादंबरी उचलली आणि अर्धवट उघडून वाचू लागलो. मालकीण बराच वेळ माझ्याकडे बघत होती. शेवटी तिने विचारलं, पुस्तक असं का धरलं आहे? मी बाईचा नियम सांगितला. तिने चष्मा काढला आणि स्वतःच्या दुकानाकडे पाहिलं. एक मुलगी एका हातात चॉकलेटचा पाव आणि दुसऱ्या हातात नवं कोरं पुस्तक घेऊन जमिनीवर बसली होती. एका गृहस्थाने कॉफीचा कप पुस्तकांच्या चवडीवर ठेवला होता. मालकीण म्हणाली, तुमच्या बहिणीला इथे नोकरी करायची असेल तर मला कळवा. त्या दिवसापासून नळ मला पोस्टकार्डाशिवाय मिळू लागला.

बाईचं काम मी प्रामाणिकपणे केलं. बरेच शनिवार कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून कोण काय घेतं ते पाहिलं. लोक कॉफी घेत. कापडी पिशव्या घेत, त्यांच्यावर वाचनाची आवड असल्याचं छापलेलं असे. मग दीड-दोन तास फुकट वाचून पुस्तक जागेवर ठेवून जात. मालकीण कोणालाच ओरडत नसे. बाईच्या दुकानात एवढ्यात तीनदा तरी "वाचायचं असन त घरी ने" झालं असतं. शेवटी मी न राहवून मालकिणीला सरळ विचारलं, दुकान चालतं कशावर?

"माझा नवरा दातांचा डॉक्टर आहे," ती म्हणाली. "दुकान त्याच्या दवाखान्यावर चालतं. त्याला हे माहीत आहे. आम्ही जेवताना हा विषय काढत नाही."

मी खोलीवर परत आलो तो विचार करतच. बाईला हे कसं सांगायचं? भाऊजींना नेमकं हेच ऐकायचं होतं. पण दुसरं काही बनवून सांगणं मला जमण्यासारखं नव्हतं.

रविवारी दुपारी फोन केला. तिकडे बाईने स्पीकर लावला होता. भाऊजी होते आणि टायरवालाही चहाला येऊन बसला होता. मी आधी कॉफीचं सांगितलं, पिशव्यांचं सांगितलं, लोकांना बसायला स्टुलं ठेवतात हे सांगितलं. मांजराचंही सांगितलं.

"ते समदं ठीक हाये, इंजिनीयरसाहेब," भाऊजी म्हणाले. "पण दुकान चालते कायच्या भरवशावर?"

मी सांगितलं.

भाऊजी हसून काही म्हणणार, तेवढ्यात बाईच बोलली.

"ऐकलं का जी? फॉरेनचे नवरे असे राह्यतेत."

टायरवाला इतका हसला की त्याला ठसका लागला. तो हसला नसता तर भाऊजींनी कदाचित तो विषय तिथेच संपवून टाकला असता. पण परक्या माणसासमोर हसं झालं होतं आणि फॉरेनचं ऐकीन असं त्यांनी आधीच कबूल केलेलं होतं. मी काय डॉक्टर आहो काय, असं ते पुटपुटले. मग टायरवाल्याला म्हणाले, "एकच शटर भेटन. पटते त पाहा."

मी परत आलो तेव्हा शाळा सुरू झाल्या होत्या. डाव्या शटरमध्ये टायर होते, उजव्यात बाई. वह्यांना रबराचा वास लागला होता. टायर बदलेपर्यंत ड्रायव्हर लोकांना उन्हात उभं राहावं लागे, म्हणून बाईने माझं ऐकून दोन स्टुलं ठेवली होती. बसलेला माणूस काहीतरी वाचायला मागतोच. रायपूरकडचे ड्रायव्हर हिंदी मागत, तर तिने हिंदी कथांची पुस्तकं आणून ठेवली. ती क्वचितच कोणी विकत घेई. बाहेर एक पाण्याचा ड्रम होता आणि त्याच्या तोटीला सुतळीने साबणाची वडी बांधलेली होती. मी बघत असतानाच एक ड्रायव्हर काळ्या तेलकट हातांनी पुस्तकाकडे वळला.

"भैय्या, पहले हाथ," बाई म्हणाली. तो मुकाट्याने ड्रमकडे गेला.

दुकान कशावर चालून राहिलं, असं मी विचारलं. तिने हनुवटीने डाव्या शटरकडे दाखवलं.

"तिकडं दातावर चालते, इकडं टायरावर," ती म्हणाली. "तुह्या भाऊजीले बोलू नको. जेवतानी त नकोच."

मी हसत वरच्या फळीवरचं एक नवं पुस्तक काढायला हात लांब केला.

"बाबू," ती म्हणाली, "फॉरेनहून आला म्हणून काय झालं?"

मी जाऊन ड्रायव्हरच्या मागे उभा राहिलो. त्याचं तेल निघायला वेळ लागत होता.