हसनचाचांची फेल्ट हॅट

दुसरी हॅटही परत आली. पहिली घट्ट होते म्हणून, तिच्याहून मोठी दुसरी डोळ्यांवर येते म्हणून. डोकं तेच, माप तेच. आणि निकाह रविवारी.

उरणला घराच्या पुढच्या खोलीत माझा जुन्या हॅटचा धंदा आहे. परदेशातून वापरलेला माल ऑनलाइन घ्यायचा, साफ करायचा, वाफेवर आकार द्यायचा आणि ऑनलाइनच विकायचा. यात गोची अशी की प्रत्येक नग एकटाच असतो. ‘यातलीच पुढची साइज पाठवा’ हे जमत नाही.

गिऱ्हाईक बोर्ली पंचतनची शबाना. हॅट तिच्या वडिलांसाठी, हसनचाचांसाठी. मालवाहू जहाजावर उमर काढलेला माणूस. मी फोन लावला.

“टेप कुठून फिरवलीस?”

“भुवयांच्या वर, कानांच्या वर. तुमच्या व्हिडिओत हाय तसंच, ताई.”

“मग घट्ट कुठे होते? कपाळाला की बाजूला?”

ती म्हणाली, “र्‍हाऊ दे ताई. अब्बा हॅटशिवाय बाहेर येनार न्हाईत. बहिणीचा निकाह त्यांच्याशिवाय करू.”

पैसे परत करून मोकळी झाले असते. पण कामात लक्ष लागेना. दुसऱ्या दिवशी दोन्ही हॅट गाडीत टाकल्या आणि निघाले. वाटेत म्हसळ्यापर्यंत मनात तेच: मी नक्की काय करणार आहे?

हसनचाचा आतल्या खोलीत डोक्याला टॉवेल गुंडाळून बसले होते. बराच वेळ तो काढेनात. काढला तेव्हा कळलं. मेंदूचं ऑपरेशन झालं होतं. उजव्या कानावर लांब, फुगलेला व्रण आणि त्याला लागून खड्डा. टेप मऊ, ती खड्ड्यात शिरली आणि माप कमी दाखवलं. पहिली हॅट कडक, ती व्रणावरच टेकली; दुसरी व्रणाला लागू नये इतकी सैल, ती डोळ्यांवर घसरली.

“नमाजाची टोपी चालणार नाही?” मी विचारलं.

“तिच्याखालून ह्ये दिसतं. पावने इचारतील. हॅट असली की म्हनतील, जहाजावरचा मानूस हाय, सवय हाय.”

हॅटच्या आत कडेने चामड्याची पट्टी असते, स्वेटबँड. मी मोठ्या हॅटची पट्टी उजवीकडे उसवून कापली. पुढे-मागे पट्टीच्या आत फेल्टचे तुकडे भरले, म्हणजे हॅट कपाळावर आणि मागे टेकेल, व्रणाला लागणार नाही.

पहिल्यांदा घातली आणि ते ओरडले, “काढ, काढ!”

शबाना दारात उभी, ओढणीचं टोक पिळत. मी पट्टी आणखी कापली, मागे एक तुकडा वाढवला, किटलीच्या वाफेवर कड उजवीकडे थोडी खाली वळवली. पुन्हा घातली. चाचांनी मान डावीकडे केली, उजवीकडे केली, खाली वाकले. मग उठून थेट अंगणात गेले.

अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून शेजारी ओरडला, “काय हसनभाय, कुठल्या बंदराला?”

“पोरीच्या निकाहाला!” चाचा तेवढ्याच मोठ्यानं ओरडले. शबाना आत पळाली.

रविवारी तिने फोटो पाठवला. चाचा मांडवाच्या तोंडाशी पाहुण्यांना आत घेत होते. हॅट किंचित तिरकी होती. ते मात्र माझं काम नव्हतं, त्यांनीच केलं होतं.

तेव्हापासून मापासोबत मी एक विचारते: डोक्याला कुठे दुखतं का? बहुतेक जण हसतात. एखादा विचारतो, ‘का विचारता?’ त्याचं पार्सल मी लगेच पाठवत नाही, आधी पट्टी कुठे कापायची ते विचारून घेते.