भीतीचा कागद

फोनवर दीपकचं नाव दिसलं म्हणून मी सरळ दरडावलंच, "आठ दिवस झालं, कुठं मेलतास रं?" पलीकडून एका बाईचा श्वास ऐकू आला. "आक्का, मी सुजाता. ह्येंची बायको." आदल्या दिवशी पहाटे त्याच्या छातीत दुखायला लागलं, निपाणीहून बेळगावला आणताना वाटेतच... पुढचं मला ऐकू आलं नाही, माझंच वाक्य कानात घुमत राहिलं. त्रेचाळीस वर्षांचा माणूस. आता सव्वा महिना झाला, तरी फोन वाजला की मी आधी तोंडावर हात ठेवते आणि मग उचलते.

दीपक वेबसाईट बनवायचा. आमचं घर बेळगावच्या वडगावात, विणकराचं. पुढच्या खोलीत हातमाग आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं. आमचे हे विणतात, मी सुताच्या कांड्या भरते आणि साड्या विकते. घरी येणारी गिऱ्हाइकं कमी झाली तेव्हा माझ्या भाचीनं त्याचं नाव सांगितलं. मला वाटलं, लॅपटॉप उघडून चार रंग दाखवेल, मी मान हलवेन, झालं काम. पण हा बाबा आला, मागाजवळ जमिनीवरच मांडी घालून बसला, वहीचा कागद फाडला आणि म्हणाला, "काय पायजे ते मागनं सांगा, आक्का. आधी कशाचं भ्या वाटतंय ते सांगा."

मी त्याला थांबवलं. "घरात असलं बोलू न्हाय रं. वास्तू तथास्तु म्हणते."

"म्हणू दे की. डावीकडं भ्या लिवतो, उजवीकडं त्येचं औषध. दोन्हीला म्हणंल."

ह्यांनी माग थांबवला. हा माणूस आठवड्यात चार वाक्यं बोलणारा, पण त्या दिवशी सगळ्यात आधी तेच बोलले, "काठाची नक्षी कोणबी उचलंल." ते खरंच होतं. ह्यांचे डोळे ज्या नक्षीवर झिजले, ती पावरलूमवर आठवड्यात निघते. माझी भीती वेगळी. साडीची घडी नेसणारीनंच मोडायची, हा आमच्या घरचा नेम. फोटोसाठी एखाद्या पोरीला नेसवली की ती साडी नवी कशी म्हणायची? ते न सांगता विकली तर पाप कुणाच्या माथी? आणि समोर बसलेल्या बाईचं मन मला तिच्या तोंडावरून कळतं, न दिसणाऱ्या बाईशी मी बोलायचं काय? त्यानं एकेक भीती डावीकडं लिहिली आणि कागद मागाशेजारच्या खिळ्याला अडकवला.

"मी करून आणतो, तुम्ही बघा," असं तो पुढं एकदाच वागला. कुठल्याशा साड्या घडी मोडून टांगलेल्या, त्यांचं नमुन्याचं पान घेऊन आला. मी बघितलंसुद्धा नाही. त्यानं वाद घातला नाही, लॅपटॉप मिटला आणि तासभर ह्यांचं विणणं बघत बसला. मग म्हणाला, "आक्का, ह्या मागावरच्या साडीची घडी कधी पडली?"

"आजून पडायची हाय."

"मग मोडंल कशी?"

तेव्हापासून साडी मागावर असतानाच फोटो काढायचा असं ठरलं. नक्षीचं मात्र त्यानं ह्यांच्यावर सोडलं. "तुमीच दावा अण्णा, कुठवर दिसू द्यायचं." ह्यांनी काठावर आपला तळहात पालथा ठेवला आणि म्हणाले, "हितवर." त्यानं फोटो तसाच काढला. मी म्हटलं, ह्यांचं तोंडही घे की एकदा. तर म्हणतो, "नको आक्का, असलेली गिऱ्हाइकं पळतील." हे गालात हसले. आज आमची साईट उघडली की प्रत्येक साडीच्या काठावर ह्यांचा हात दिसतो. परगावच्या बायका आधी फोन करून विचारतात, हा हात कुणाचा? तिथून बोलणं सुरू होतं, आणि माझी न दिसणाऱ्या बाईची भीतीही गेली. एकेक औषध सापडलं की दीपक लाल पेनानं त्या भीतीवर रेघ मारायचा. मी मारू म्हटलं तर द्यायचा नाही. "त्ये माझं काम."

शेवटचा आला तेव्हा कागदावरच्या सगळ्या भीतींवर रेघा पडल्या होत्या. माझ्या तोंडून सहज गेलं, "आणि तू आला न्हाईस तर?" त्यानं ते लगेच डावीकडं लिहिलं. मी त्याचा हात धरला, खोड ते म्हटलं. खोडलं नाही. उजवीकडं लिहिलं, "आक्का करतील." मी म्हटलं, आक्काला फोनवरनं लाईट बिल भरता येत न्हाय. मग त्यानं मला साईटचं मागचं दार दाखवलं, म्हणजे जिथून आत जाऊन फोटो चढवायचे ते. स्वतःचे हात पाठीमागं बांधून बसला आणि माझ्याकडून सगळं दाबून घेतलं. मी एक अख्खं पान पुसून टाकलं. "पुसू दे, मी हाय की," म्हणाला. जाताना दारातून म्हणाला, "म्होरल्या साडीला तुमी चढवायचं. मी नुस्ता च्या प्यायला येणार."

ती पुढची साडी मागावर होती, म्हणून मी त्याची वाट बघत होते. मागावरून उतरली की घडी पडणार, मग फोटो नाही. आणि फोन आला तो असा...

आम्ही निपाणीला जाऊन आलो. फोनवर मी काय बोलले ते सुजाताला सांगून टाकलं, मनात ठेवून जगवत नव्हतं. ती म्हणाली, "आक्का, तुमच्या शिव्या त्ये घरात येऊन सांगायचे, हसायचे." ती रडता रडता हसलीसुद्धा. मला हसता आलं नाही.

परत आल्यावर ह्यांनी ती साडी जवळजवळ संपवली, पण वीतभर पदर विणायचा ठेवून माग थांबवला. रोज मी लॅपटॉप उघडायची आणि मिटायची. पान पुसलं गेलं तर आता कोण आणणार? त्याच्या हातचं तेवढंच उरलंय. त्याहून मोठं भय सांगते... जमलं तर? म्हणजे त्याच्याशिवाय चालतं असं झालं की! बारा दिवस घरात मागाचा आवाज नव्हता. शेजारीण विचारून गेली, कोण आजारी हाय का?

तेराव्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर हे उठले, मागावर बसले आणि काठावर तळहात ठेवला. मी फोटो काढला. पहिला हलला, दुसराही हलला, तिसरा नीट आला. साईटच्या मागच्या दारानं आत गेले, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि दाबलं. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं... आणि साडी दिसली. बाकीची पानं जिथल्या तिथं होती. ह्यांनी एकदा बघितलं आणि उरलेला पदर विणायला धोटा उचलला.

कागद अजून त्याच खिळ्याला आहे. माग चालला की वाऱ्यानं हलतो. शेवटच्या ओळीला वास्तूनं कुठल्या बाजूला तथास्तु म्हटलं, डावीकडच्या की उजवीकडच्या, की दोन्हीला, मला माहीत नाही. लाल पेन तो इथंच विसरून गेला. लिहितं आहे अजून, मी परवा बोटावर ओढून बघितलं. पण त्या ओळीवर रेघ मी मारलेली नाही. ते त्याचं काम.