वाकड्या रेघांचा गठ्ठा

छापखान्यातून निवृत्त झालेली माणसं गप्प घरी बसतात, नाहीतर नातवंडं सांभाळतात. रेघोबाला नातवंडं नव्हती आणि गप्प बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं. त्यामुळे वाचनालयात ज्येष्ठांसाठी मोफत आरोग्य माहितीचा कोपरा सुरू झाला, तेव्हा तिथली खुर्ची त्याने आपणहून बळकावली. पगार नव्हता, पण बोलणी खायला माणसं आयती समोर येत. त्याला तेवढं पुरत होतं.

त्याचं खरं नाव कोणाला आठवत नसे. छापलेल्या पानावरची रेघ केसभर कलली तरी त्याला चैन पडत नसे, म्हणून कामगारांनी ठेवलेलं हे नाव त्याला चिकटलं. कागद नाकासमोर आडवा धरायचा, डावा डोळा गच्च मिटायचा आणि उजव्याने रेघेवरून नजर फिरवायची, ही त्याची पद्धत. दोन्ही डोळे उघडे ठेवून रेघ बघणारा माणूस त्याच्या लेखी अडाणी होता.

कोपऱ्यात येणाऱ्यांची तो मुळीच पत्रास ठेवत नसे. निवृत्त शिक्षिकाबाई रक्तदाबाचं पत्रक मागायला आल्या, तर म्हणाला, "मागचं वाचलंत, की डब्याखाली अंथरलंत?" बाई बिचाऱ्या ओशाळल्या. गुडघे धरून आलेल्या शिंप्याला त्याने व्यायामाचं पत्रक दिलं, पण आधी त्याच्या आळसाचा पाणउतारा करून.

"लोक पंख्याखाली बसायला येतात," तो घरी जेवताना वहिनींना ऐकवायचा. "फुकट आहे म्हणून कागद नेतात. वाचायचं नाव नको."

वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची विधवा. दोघं एकाच घरात राहत. जेवायला बसताना वहिनी कानातलं यंत्र काढून ठेवत. का, हा प्रश्न रेघोबाला कधी पडला नाही.

एके दिवशी रेघोबाच्या जुन्या छापखान्यातून डोळ्यांचं नवं पत्रक छापून आलं. डोळ्याच्या आतला पडदा म्हातारपणी कसा खराब होतो, त्याची माहिती होती. वर बारीक चौकटींची जाळी, तिच्या मधोमध काळा ठिपका. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघा. रेघा वाकड्या दिसल्या तर लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, वेळ घालवलात तर गेलेली नजर परत येत नाही.

रेघोबाने सवयीने डावा डोळा मिटला. ठिपक्याभोवतीच्या रेघा फुगून बाहेर आल्या होत्या. त्याने गठ्ठ्यातून दुसरं पत्रक काढलं, मग तिसरं. सगळीकडे तोच दोष, त्याच जागी. दुसरा कोणी इथे घाबरला असता. रेघोबा खूश झाला. नव्या पोरांना छापता येत नाही, हे तो कधीपासून सांगत होता, आता पुरावाच हातात आला.

त्या रात्री त्याने वहिनींना यंत्र लावायला लावलं आणि पत्रक पुढे टाकलं.

"मला तर सरळ दिसतात, भाऊजी."

"तुम्हाला काय कळतंय छपाईतलं?"

"छपाईतलं नाही कळत. खाली लिहिलंय ते कळतं. डोळे दाखवून या."

"ही असली पत्रकं वाटली, तर ज्याला त्याला रेघा वाकड्या दिसतील आणि अख्खं गाव दवाखान्यात लोटेल. कोण निस्तरणार?"

एवढा तर्कशुद्ध मूर्खपणा साध्या माणसाला जमत नाही. त्यासाठी हुशारीचा माज लागतो. दुसऱ्या दिवशी त्याने सगळा गठ्ठा टेबलाखाली सारला आणि त्यावर पाय ठेवून बसू लागला. पायांना आराम मिळायचा.

पुढे चहा कपाच्या बाहेर जाऊ लागला, तेव्हा त्याने कपाला नावं ठेवली. वर्तमानपत्रातल्या ओळीमधली अक्षरं गळू लागली, तर म्हणाला, शाईत पाणी घालतात. वहिनी रोज तेच सांगत, "डोळे दाखवा." तो रोज नाक मुरडायचा. असे चार-पाच महिने गेले.

शेवटी नव्या पोरांची खोड मोडायची म्हणून आपली जुनी पोलादी पट्टी घेऊन तो छापखान्यात गेला. यंत्रावरच्या कामगाराला हाक मारून त्याने पत्रक टेबलावर पसरलं, रेघेला पट्टी लावली, डावा डोळा मिटला आणि वाकला.

पट्टीही वाकलेली होती.

त्याने ती उलटी करून लावली. तरी वाकलेलीच. अंगठ्याने कड चाचपली, ती सरळ लागली.

"काका, काय झालं?" कामगाराने विचारलं.

"पट्टी..." तो म्हणाला.

"दोन्ही डोळे उघडा की."

त्याने उघडले. पट्टी बरीचशी सरळ झाली. रेघोबा तिथल्याच स्टुलावर बसला. त्याला भीती वाटली, अगदी साधी, कोणालाही वाटते तशी.

वहिनी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी तपासून विचारलं, "असं कधीपासून दिसतंय?"

"पत्रक आलं तेव्हापासून," वहिनींनीच सांगून टाकलं.

"पत्रक हातात होतं? मग तेव्हाच का नाही आलात?"

उजव्या डोळ्याची मधली नजर आता परत येणार नव्हती. डावा अजून चांगला होता, पण त्याच्यावर कायम लक्ष ठेवावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी त्याच्याबरोबर वाचनालयात आल्या आणि टेबलाखालचा गठ्ठा ओढून वर ठेवला. सगळ्यात वरच्या पत्रकावर त्याच्या टाचांचे डाग होते. सगळ्यात आधी शिक्षिकाबाईच आल्या. आता हा काय बोलणार, म्हणून त्या लांबच उभ्या राहिल्या. वहिनींनी पत्रक त्यांच्या हातात दिलं. बाईंनी एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा झाकला.

"या डोळ्याने मधल्या रेघा वाकड्या दिसतात," त्या संकोचून म्हणाल्या. "दोन-तीन महिने झाले, घरातल्या फरशीच्या सांधीही अशाच दिसतात. मला वाटलं, फरशीच खचली. ही छपाई चुकलीय का हो?"

वहिनी रेघोबाकडे बघत राहिल्या.

"छपाई चांगली आहे, बाई," रेघोबा म्हणाला. "चला डॉक्टरांकडे, मी येतो तुमच्याबरोबर."