अठ्ठावीस आणि चौतीस

कारखान्यात तिला सगळे काटाबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तीही ओ देई. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला अरुंद खोली, खोलीत एक टेबल, टेबलावर काचेची दारं असलेला छोटासा वजनकाटा आणि त्याच्यामागे ती. बावीस वर्षं हे असंच होतं. गिरणीतून जाड कॅनव्हासचे तागे आले की ताग्याचं तोंड उलगडायचं, गोल पात्याच्या यंत्राने बशीएवढा तुकडा कापायचा आणि काट्यावर ठेवायचा. तो गोल असा बेतलेला, की त्याच्या वजनाला शंभराने गुणलं की एका चौरस मीटर कापडाचं वजन हाती येई. मग कार्ड लिहायचं. वरच्या ओळीत हवं ते वजन, खालच्या ओळीत आलेलं वजन. दोन्ही जुळली की सही. ती सही झाल्याशिवाय कापडाला कात्री लागत नसे.

गिऱ्हाइकं मात्र औंसात बोलत. दहा औंसाचं द्या, बारा औंसाचं द्या. तिला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाई, एक औंस म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम, हे कुणीही सांगेल. पण कापडाचा औंस चौरस यार्डावर मोजतात आणि ग्रॅम चौरस मीटरवर. मीटर मोठा, त्यात कापड जास्त मावतं, म्हणून वजनही जास्त. कापडाला चौतीसने गुणायचं. अठ्ठावीस विसरून जा."

ती विसरलीही. एवढ्या वर्षांत अठ्ठावीसशी तिला काही देणंघेणंच उरलं नव्हतं.

मग गेल्या हिवाळ्यात सासूबाईंना झटका आला. एक बाजू गेली, जीभ तेवढी शाबूत राहिली. घास गिळता येईना, म्हणून नणंदेने परदेशातून पौष्टिक पावडरीचे डबे पाठवले. डब्यावर माप औंसात. आतला मापाचा चमचा पहिल्याच आठवड्यात कुठे गेला देव जाणे, आणि घरातला काटा ग्रॅमचा. म्हणजे अठ्ठावीस पुन्हा घरात आलं. दर थोड्या दिवसांनी डॉक्टर माप बदलत, आणि ती ओट्याशी उभी राहून मनातल्या मनात पाढा म्हणे.

सहा महिने झाले, तिला सलग झोप नव्हती. नवरा रात्रीच्या लांब पल्ल्याच्या बसवर चालक, सकाळी येऊन आडवा होई. साडेआठला शेजारच्या काकू येत, त्यांच्या हवाली सासूबाईंना करून ती पळे. संध्याकाळी पुन्हा तेच, उलट्या क्रमाने. पूर्वी पहाटे उठून ती जरा वेळ डोळे मिटून देवापुढे बसायची. आता देवाचं नाव चादरी पिळताना घ्यायची. देवाला चालत असावं. तक्रार काही आली नव्हती.

त्या सकाळी तिने पेला भरला आणि सासूबाईंची मान हातावर घेतली. डॉक्टरांनी आदल्याच दिवशी दोनाचे अडीच औंस केले होते. सासूबाईंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि घोट तसाच ओठांवरून परत पाठवला.

"खळ आहे ही. नेऊन तुझ्या कापडाला लाव."

"आई, डॉक्टरांनी वाढवायला सांगितलंय."

"मला वाढवायला सांगितलंय, चिकटवायला नाही. तो चमचा बघ, पहारेकऱ्यासारखा उभा आहे."

तिने पेल्यात पाहिलं. चमचा खरोखरच उभा होता. ती ओट्याशी आली. काट्यावरची वाटी तशीच होती, आणि कागदाच्या चिठोऱ्यावर तिच्याच हाताने लिहिलं होतं पंच्याऐंशी. अडीच चोक दहा... नाही. अडीच गुणिले चौतीस, पंच्याऐंशी. हवे होते सत्तर. गिळता न येणाऱ्या बाईच्या घशात ती खळ ओतायला निघाली होती. तिने पेला मोरीत रिता केला, देवाची क्षमा मागितली आणि वाटी धुवायला घेतली.

वाटी धुता धुता हात थांबले.

चौतीस जर घरी आलं होतं, तर कारखान्यात काय गेलं होतं?

काल दुपारी रुग्ण उचलायच्या स्ट्रेचरसाठी कापड आलं होतं. बारा औंसाचं. कार्डाची वरची ओळ तिच्या डोळ्यांपुढे लख्ख उभी राहिली. तीनशे छत्तीस. बारा अठ्ठे शहाण्णव, हातचे नऊ... बारा अठ्ठावीस तीनशे छत्तीस. हवं होतं चारशे आठ. आणि खालच्या ओळीत, पाचही ताग्यांच्या तुकड्यांचं, तीनशे एकोणचाळीस. गिरणीने बाराऐवजी दहा औंसाचं कापड पाठवलं होतं आणि तिने ते दोन्ही ओळी जुळल्या म्हणून आनंदाने पास केलं होतं. हाताला कापड हलकं लागलं होतं, हेही आठवलं. पण काल हात इतके भरून आले होते की त्यांचं ऐकायला कुणाला उसंत होती!

कापणी साडेआठला सुरू होई. घड्याळात आठला पाच कमी होते. तिने कटिंग मास्तरांना फोन लावला. वाजून वाजून थांबला. यंत्राजवळ फोन न्यायची मनाई, तो कपाटात वाजत असणार. आताचे साहेब दहाशिवाय येत नसत.

तिने नवऱ्याला हलवलं. "अहो, उठा. मला आत्ता जायला हवं."

"काकू येतीलच की."

"त्या यायच्या आत आईंच्या पोटात काहीतरी जायला हवं. पावडर सत्तर ग्रॅम. मोजून. सत्तर."

"मी? मी कधी पाजलंय?"

"एवढी पन्नास माणसं रात्रभर नेता, एका आईला पेलाभर पाजवत नाही?"

आतून आवाज आला, "त्याला म्हणावं, ब्रेक हळू दाब."

बसमध्ये जागा मिळाली आणि बसल्याबरोबर दुसराच विचार शेजारी येऊन बसला. कळणार कुणाला? कार्ड आणि कापड जुळतंय. दोन औंसांनी असा काय फरक पडतो? स्ट्रेचर काही दुसऱ्या दिवशी फाटत नाही. बावीस वर्षांत तिचं एक कार्ड परत आलं नव्हतं. तेवढंच तिच्यापाशी होतं, बाकी नाव घेण्यासारखं काही नव्हतं. आज सांगितलं की ते गेलं.

पण झटका आल्यावर सासूबाईंना दवाखान्यात न्यायला खाली उतरवलं, तो दिवसही तिने पाहिला होता. तिसरा मजला, अरुंद जिना, चार माणसं आणि मधे कॅनव्हासच्या झोळीत सासूबाई. प्रत्येक वळणावर कापड खाली दबे, आणि ती मागून उतरताना फक्त त्या शिवणीकडे बघत होती. ते कापडही कुणीतरी, कुठेतरी, काट्यावर ठेवून सही केलेलं होतं. त्या माणसाचं नाव तिला माहीत नव्हतं. त्याचं डोकं त्या दिवशी ठिकाणावर होतं, एवढंच.

"देवा, पाय भरभर चालू देत," ती पुटपुटली आणि थांबा यायच्या आधीच उभी राहिली.

कापणीच्या लांब टेबलावर चाळीस थर अंथरून झाले होते. मास्तरांच्या हातातलं पातं घुरघुरत होतं आणि कडेला पाच-सहा पट्टे कापून पडले होते.

"मास्तर, थांबा!"

मास्तरांनी पातं बंद केलं. कारखान्यातला वीस वर्षांचा शेजार, त्यामुळे चेष्टेची सवय. "काय काटाबाई, आज काटा अर्धा तास पुढे?"

"हे कापड कापू नका. वजन कमी आहे."

"कार्डावर सही कुणाची आहे? माझ्या बायकोची?"

"माझीच आहे. कार्ड चुकलंय. मी अठ्ठावीसने गुणलं."

मास्तर हसायच्या बेतात होते. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी बेत बदलला. कापडाची कड दोन बोटांत धरून चोळली. "मलाही सकाळी हलकं वाटलं होतं," ते हळूच म्हणाले. "पण तुमची सही बघितली आणि गप्प बसलो."

हे तिला शिवीपेक्षा जास्त लागलं.

दहाला साहेब आले. तिने सगळं सांगितलं, घरच्या डब्यापासून. साहेब भला माणूस. पेन्सिल फिरवत म्हणाले, "चूक गिरणीची. कापड त्यांनी चुकीचं पाठवलं. तुम्ही नवीन कार्ड लिहा, जुनं फाडून टाका. पाच-सहा पट्ट्यांच्या पिशव्या शिवू. विषय संपला."

तिने नवीन कार्ड लिहिलं. वर चारशे आठ, खाली तीनशे एकोणचाळीस, शेवटी नापास. जुनं कार्ड हातात घेतलं. फाडायला दोन बोटं पुरली असती.

तिने ते नव्याच्या मागे टाचणीने लावलं.

"राहू दे, साहेब. चूक त्यांचीही आहे, पण पकडायला मला बसवलंय. आणि एक सांगायचं होतं. यापुढे माझ्या कार्डावर दुसऱ्या कुणाचीतरी सहीही हवी. मास्तरांची चालेल. मी दमलेय."

साहेबांनी वर पाहिलं. बावीस वर्षांत हे वाक्य तिने या खोलीत कधी उच्चारलं नव्हतं. खरं तर कुठल्याच खोलीत नव्हतं.

"बरं," ते म्हणाले.

तेवढंच झालं. कुणी रागावलं नाही, कुणी पाठ थोपटली नाही. दुपारी मास्तर पहिल्या कार्डावर सही करायला आले, आकडा स्वतः गुणून पाहिला, दोनदा पाहिला, आणि ते गुणत असताना तिला इतकं हलकं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा पावडरीच्या डब्यावर चिकटपट्टीने कागद लावलेला होता. नवऱ्याचं किरटं अक्षर: सत्तर. खाली रेघ मारून पुन्हा: सत्तर. सासूबाईंच्या उशीला ओला डाग होता.

"पाजलं का नीट?" तिने विचारलं.

"अर्धं मला, अर्धं उशीला," सासूबाई म्हणाल्या. "पण पातळ होतं. गिळलं." मग सून ओट्याकडे वळलेली बघून त्या म्हणाल्या, "तू कशाला जातेस? बस तिथे. तो कामावर जायच्या आधी पाजेल. अजून शिकायचंय त्याला."

स्वयंपाकघरात नवरा काट्यावर वाटी ठेवत होता, चिमूट टाकत होता, काढत होता. ती भिंतीला टेकून बसली. उठून बघावं असं एकदा वाटलं. मग तिने डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, आणि ते अर्ध्यावर असतानाच तिला झोप लागली.