सात घरांची सावड

दर गुरुवारी दुपारी आमच्या तळेगावच्या हॉस्पिटलातले कॅन्सरचे सगळे डॉक्टर एका लांबलचक टेबलाभोवती बसत. ऑपरेशनवाले, रेडिएशनवाले, सलाइनमधून औषध देणारे, गाठीचा तुकडा तपासणारे, स्कॅन वाचणारे. शिवाय मशीनचा डोस मोजणाऱ्या फिजिसिस्ट बाई, मशीन चालवणारा टेक्निशियन, आहारवाली आणि सिस्टर. याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. एकेका पेशंटवर सगळ्यांनी मिळून डोकं लावायचं, कुणाचा जीव एकट्या डॉक्टरच्या अंदाजावर सोडायचा नाही, ही त्यामागची कल्पना. मला ती आजही फार मोलाची वाटते. टेबलाच्या टोकाला, दाराजवळच्या खुर्चीत मी बसायची. मेडिकल सोशल वर्कर. पेशंटच्या कागदावर सगळ्यात खाली ‘सामाजिक’ असा रकाना असे, तो भरणं माझं काम. दोन ओळींची जागा.

मी मूळची मावळातलीच, लग्नानंतर तळेगावात आले. माझ्या आईचं अर्धं आयुष्य भातखाचरात वाकून गेलं. पण त्या टेबलावर मी हे कधी कळू दिलं नाही. इस्त्रीची कॉटनची साडी, शुद्ध बोलणं, जमेल तिथे इंग्रजी पेरायचं. खेड्यातली म्हणून कुणी हसेल याची मला भारी धास्ती. आता त्या बाईचा राग येतो, म्हणजे माझाच.

सात-आठ वर्षं झाली असतील. मे महिन्याच्या शेवटी कान्हे स्टेशनापासून आतल्या एका गावातून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, काटक, बोलायला मोकळ्या. मी त्यांना मावशी म्हणायला लागले. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. ऑपरेशनची वेळ गेली होती, पण आजार अजून बरा होण्यासारखा होता. पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज रेडिएशन, ज्याला आमचे पेशंट ‘लाईट’ म्हणतात. आठवड्यातून एकदा सलाइन. शेवटी आतून लाईट. आणि एक अट फार कडक, की मध्ये खंड पडता कामा नये. खंड पडला की मारत आणलेला आजार पुन्हा उचल खातो. हे मी दिवसातून चारदा पेशंटना सांगायची, पोपटासारखी.

मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

“ताई, ह्याच्या मधीच लावणी येती. आमची सात घरांची सावड हाये. माझं वावर खालच्या अंगाला, ते पयलं लागतं. सगळ्या बाया माझ्या चिखलात उतरनार, आन् मी त्यांच्या वावरात न्हाई गेले तर कसं व्हायचं?”

सावड म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मजूर लावायचे नाहीत, सात घरच्या बायांनी मिळून एकेकीचं भात लावायचं. जिच्या शेतात तुमचे हात लागले, तिचे हात तुमच्या शेतात लागलेच पाहिजेत. सावड फेडली नाही, तर ती बाई गावात तोंड दाखवू शकत नाही. माझी आई अंगात ताप असताना सावडीला गेलेली मी पाहिली आहे.

मी म्हटलं, खरं कारण सांगा ना बायांना. मावशी ऐकेचनात. मुलाची सोयरीक चालली होती, आणि त्या जागेचा कॅन्सर म्हटल्यावर लोक काय काय बोलतील! घरात नवरा आणि मुलगा, एवढ्यांनाच माहीत होतं. गुप्तता पाळणं माझं कर्तव्य होतं, तिथवर ठीक. पण मला शहाणपण सुचलं. मी म्हटलं, तळेगावात एका सोसायटीत पोळ्यांचं काम धरलंय म्हणून सांगा, रोज जाण्यायेण्याचा प्रश्न मिटला. मावशींना ते फारसं रुचलं नाही, पण मॅडम सांगतायत म्हणून त्यांनी मान डोलावली. मी स्वतःवर खूश. सावडीचं काय, हे मात्र मी सोयीस्करपणे विसरले. बघू म्हटलं, पुढचं पुढे.

गुरुवारी त्यांचा कागद टेबलावर आला. मी रकान्यात लिहिलं होतं: शेती, मुलगा कंपनीत, पेशंट सहकार्यास तयार. रेडिएशनच्या मोठ्या डॉक्टरांनी शेवटी नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघितलं. रोज येण्यात काही अडचण? सावड हा शब्द अगदी ओठांवर आला होता. एवढ्या मोठ्या माणसांसमोर चिखल, लावणी आणि बायांचे हात काय काढायचे, असं वाटलं मला. म्हटलं, “नाही सर, काही अडचण नाही.” आणि पुढचा कागद आला.

पहिले तीन आठवडे मावशी एक दिवस चुकल्या नाहीत. कान्ह्याहून सकाळची लोकल पकडून यायच्या. लाईट घेताना मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून बाटलीभर पाणी पिऊन ताटकळत बसायच्या. मला म्हणायच्या, देवाच्या दारातपन एवढी परीक्षा नसती. रक्तस्राव थांबला, जेवण जायला लागलं. डॉक्टर खूश, मीही.

चौथ्या आठवड्यात सोमवारी मावशी आल्या नाहीत. मंगळवारीही नाहीत. फोन बंद. रेडिएशनच्या खोलीतून मला विचारणा झाली, मी म्हटलं ताप आला असेल. पण बाहेर जुलै लागला होता आणि कान्ह्याच्या बाजूला काय चाललं असेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी रिक्षा करून गेले असते तर? दोन तासांचं काम होतं. मी गेले नाही. ऑफिसात बसून फोन लावत राहिले.

अकरा दिवसांनी मावशी दारात उभ्या. चेहरा ओढलेला, बोटं पाण्याने पांढरी पडलेली, नखांत चिखल. मी रागावले. होय, मीच रागावले त्यांच्यावर, इतकी निर्लज्ज होते! त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“सावड फेडून आले, ताई,” त्या म्हणाल्या. “आता कुनाचं ओझं न्हाई. आता तुमी म्हनाल तशी ऱ्हाते.”

पुढच्या गुरुवारी त्यांचा कागद पुन्हा टेबलावर आला. फिजिसिस्ट बाईंनी हिशेब मांडून वाढीव डोस सुचवला, आहारवालीने वजनाचं बघितलं, औषधवाल्यांनी सलाइन कसं बसवायचं ते ठरवलं. सगळे मनापासून झटत होते. मोठ्या डॉक्टरांनी कारण विचारलं, तेव्हा मी लावणी म्हणून सांगितलं. त्यावर टेक्निशियन हळहळला. आधी कळलं असतं तर सकाळी सातची वेळ दिली असती, म्हणाला, दहापर्यंत बाई शेतात पोचल्या असत्या. सिस्टर म्हणाल्या, मी स्वतः जाऊन बोलले असते त्या बायांशी. मोठे डॉक्टर म्हणाले, सुरुवातच दहा दिवस आधी करता आली असती, स्कॅनची तारीख अलीकडे ओढून घेतली असती. मग त्यांनी मला विचारलं, हे आधी माहीत नव्हतं का? मी मूग गिळून बसले. त्यांनी त्याचा अर्थ नाही असा घेतला.

मावशींनी उरलेली ट्रीटमेंट पुरी केली. वर्षाच्या आत आजार उलटला, आणि त्यापुढच्या थंडीत त्या गेल्या. त्या अकरा दिवसांमुळेच गेल्या, असं कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. मीही सांगू शकत नाही. पण ती शंका माझ्यापाशीच राहणार, ती कुणाला देता येत नाही.

तेरावा झाल्यावर मी त्यांच्या गावाला गेले. एव्हाना आजाराचं सगळ्यांना कळलं होतं. मुलाने खुर्ची दिली, चहा आणला. ओटीवर सावडीतल्या चार-पाच बाया बसल्या होत्या. त्यांतल्या शेजारच्या वयस्कर बाई आपणहून बोलायला लागल्या.

“आमी तिला लय बोललो ओ. आमच्या हातांनी वावर लावून घेतलं आन् ही चालली पगाराला, आसं तिच्या तोंडावर बोललो. मग आली. गप वाकली चिखलात. घडीघडी बांधावर जाऊन बसायची. आमी म्हनायचो, बसून खायची सवय लागली.” त्यांनी पदराने डोळे पुसले. “एकदा कुनी सांगितलं आसतं, तर तिच्या वाटची सावड आमी वाटून घेतली आसती. तिला गाडीवर बसवून रोज कान्ह्याला सोडली आसती.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“तिला लबाडी कदी जमली न्हाई,” त्या म्हणाल्या. “हे पोळ्यांचं कुनी शिकवलं आसंल तिला?”

त्या टेबलावर मी दोनदा गप्प बसले होते. इथे बसवेना.

“मी शिकवलं,” मी म्हटलं. “मी तिथे हॉस्पिटलात कामाला आहे. सावडीचंही त्यांनी मला आधीच सांगितलं होतं.”

त्या बाईंनी माझा कप उचलून बाजूला सरकवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“सावड म्हंजी काय, ते तुमाला कळलं नसंल,” त्या म्हणाल्या. मला सोडवायलाच म्हणाल्या त्या. “माहेर कुटलं तुमचं?”

मी गावाचं नाव सांगितलं. त्या ओटीवरून दिसणारा डोंगर ओलांडला की माझं माहेर.

“म्हंजी आमच्यातल्याच की तुमी,” असं म्हणून त्या उठल्या आणि आत निघून गेल्या.