विहिरीचं पाणी

नव्वदच्या दशकात मी बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत कीटकनाशकांचा माशांवर होणारा परिणाम तपासत होते. तिथे एक मदतनीस होते. कित्येक पिढ्या याच भागात राहिलेलं मराठी घर, त्यामुळे बोलण्यात कन्नड मिसळलेली, आणि शेवटचे शब्द दोनदा म्हणायची सवय. "स्वल्प थांबा अक्का, थांबा."

त्यांची चाहूल लागली की टाकीतले सगळे मासे एका बाजूला तोंड करत.

नळाच्या क्लोरीनने मासे मरायचे. म्हणून बिनऔषधाच्या, म्हणजे कीटकनाशक न घातलेल्या टाकीसाठी ते शहराबाहेरच्या बोम्मसंद्र्याहून, घरच्या विहिरीचं पाणी बसमधून आणायचे. ओतण्याआधी ओंजळभर पिऊन बघायचे. "गोड आहे, गोड आहे."

औषधाच्या टाकीतल्या नरांच्या पोटात अंड्यांच्या पेशी सापडल्या. काही कीटकनाशकांनी नर माशांत मादीची लक्षणं येतात, त्यामुळे ते अपेक्षितच होतं. मग तुलनेसाठी विहिरीच्या पाण्यातले नर कापले. त्यांच्यातही त्याच पेशी होत्या. टाक्यांवरच्या चिठ्ठ्या मी तीनदा तपासल्या.

त्यांना बोलावून सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. ते बराच वेळ डोळा लावून उभे राहिले. विहिरीला लागून गुलाबाचे मळे आहेत, तिथे सारखी फवारणी चालते, असं म्हणाले.

"घरी हे पाणी पिऊ नका," मी म्हटलं.

"सरी अक्का, सरी," बरं म्हणत त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ते उशिरा, घामाघूम होऊन आले. "लांबच्या गावातून आणलं अक्का. माशांसाठी, माशांसाठी."

"आणि घरी?"

त्यांनी नव्या पाण्याची ओंजळ पिऊन बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"घरचं गोड आहे अक्का, गोड आहे."