पदराचं टोक

महिला मंडळात जुन्या नेसणीवर बोलायला एक बाई आलती. दाखवायला म्हणून माझ्या मेलेल्या बायकोचं इरकली लुगडं मीच नेऊन दिलं आणि दाराशी बसलो. बोलता बोलता बाईनं ते अंगावरच्या कपड्यांवरच नेसलं, कासोटा खोचला. टाळ्या पडल्या. माझी बायको चाळीस वर्षं नेसली, तिच्यासाठी कुणी टाळी वाजवली न्हाय. मी जळलो.

मग बाईनं पदराचं टोक चाचपलं. म्हणाली, "हे चावून विरलंय. उलट उत्तर तोंडाशी आलं की हे नेसणारी पदर दातांत धरत असणार."

"व्हय की," शेजारीण म्हणाली, "मालक दारात बसलाय, इचारा त्यालाच."

बायका हसल्या. मला चाळीस वर्षांत जे दिसलं न्हाय, ते ह्या परक्या बाईला घटकेत दिसलं. तिचा हेवा अजून जात न्हाय.

घरी येऊन मी ते टोक उरल्या दातांत धरून बघितलं.